आत्याबाईला गुदगुली

आपल्या ट्रकवर साधा ओरखडाही नाही याचा गेरोल्ड वुल्ब्राण्टला जेवढा गर्व होता, तेवढा काही लोकांना पोटच्या पोरांचाही नसतो. जर्मनीतल्या पाइने गावात असा बिनओरखड्याचा दुसरा ड्रायव्हर नसेलच असं नाही, पण तो बिचारा तोंड मिटून घरी बसला असणार. गेरोल्ड कसला तोंड मिटतोय. नेमबाजी मंडळाच्या उत्सवात, बिअरच्या टेबलावर, इतकंच काय, सख्ख्या चुलतभावाला पुरून आल्यावर सगळे कॉफी-केक घेऊन गप्प बसलेले असतानासुद्धा त्यानं आपली टेप लावलीच होती. इतकी वर्षं हायवेवर आहे, कुणी एक ओरखडा दाखवावा. कुणी दाखवायला जात नसे, आणि गेरोल्ड ते आपलं कौतुक समजत असे.

कामाचा माणूस होता, हे मात्र कबूल करायला हवं. साखर असो, बटाटे असोत, पोलादी पत्र्याची भेंडोळी असोत, माल वेळेवर आणि धड पोचवायचा. पण जीभ म्हणजे विळी. एका नव्या ड्रायव्हरची गाडी मागे घेताना डेपोच्या फाटकाला लागली, तर दुसऱ्या दिवशी गेरोल्डनं लहान पोरांच्या सायकलला लावतात ती दोन छोटी चाकं कुठूनशी पैदा केली आणि त्याच्या ट्रकच्या मागे तारेनं बांधून ठेवली. तो नवा ड्रायव्हर मागे न बघता तसाच निघाला आणि अर्ध्या हायवेनं ती चाकं बघितली. महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. ही गोष्ट सांगताना गेरोल्डच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं.

मग नवे ट्रक आले आणि त्यांच्याबरोबर आत्याबाई आली.

आत्याबाई हे ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव. ती म्हणजे ट्रकच्या नाकात बसवलेलं यंत्र. एकदा वेग ठरवून दिला की ती पुढच्या गाडीच्या शेपटीवर नजर ठेवून आपोआप ट्रक चालवते. पुढचा हळू झाला की ही हळू, पुढचा सुटला की हीही सुटते. आणि अचानक समोर काही आलंच तर आधी किंचाळते, मग ड्रायव्हरला न विचारता ब्रेक मारते. न बोलावता घरात येऊन बसलेल्या आणि उठता बसता अंगावर ओरडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? कंपनीचा मालक म्हणाला की आता अपघात म्हणून व्हायचे नाहीत. गेरोल्ड म्हणाला की ते तर आधीही होत नव्हते, निदान त्याला तरी.

आत्याबाईत खोट होती, ती अशी. हायवेवर पूल आडवा आला किंवा डोक्यावर मोठी पाटी आली की काही ठिकाणी तिला ती भिंत वाटायची. मोकळ्या रस्त्यावर बया किंचाळून ब्रेक मारायची, की कॉफी पँटवर आणि मागचा शिव्या घालतोय. त्यावर उपाय एकच होता. रेसचं पेडल क्षणभर पार तळापर्यंत दाबायचं. मग तिला कळायचं की ड्रायव्हर जागा आहे, त्याला सगळं दिसतंय, आणि ती ब्रेक सोडून गप्प बसायची. हा शोध काही गेरोल्डचा नव्हे, पण त्याला नाव दिलं गेरोल्डनं: गुदगुली. डेपोतल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यानं ती स्वतः शेजारी बसून शिकवली. हायवेवरचे नेमके कुठले पूल तिला चावतात हे त्याला तोंडपाठ होतं. तिथं पोचलं की म्हणायचा, "पूल आला, गुदगुली." पुढे पुढे हे डेपोत सगळ्यांच्या तोंडी बसलं. मालक कॅन्टीनकडे येताना दिसला तरी कुणीतरी हळूच म्हणायचं, पूल आला, गुदगुली.

ड्रायव्हर लोकांच्या शनिवारच्या सक्तीच्या शिकवणीत मास्तरांनी एकदा फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं की असलं काही करू नका. आत्याबाई पुढच्या गाडीच्या आडचं बघू शकत नाही. पुढची गाडी एकदम बाजूला झाली की तिला आधी वाटतं रस्ता मोकळा झाला, आणि ती उलट थोडी पळतेच. मग तिला आड उभी असलेली वस्तू दिसते. तेव्हा तिच्या हातात फार थोडा वेळ असतो. तेवढ्या वेळात ती ट्रक थांबवू शकते, पण तुम्ही मध्ये लुडबुड केलीत तर संपलं. मागच्या बाकावरून गेरोल्डनं मोठ्यांदा घोरल्याचा आवाज काढला. सगळे हसले, मास्तरही हसले.

आणखी एक गोष्ट गेरोल्डनं कुणाला सांगितली नव्हती. ब्राउनश्वाइगजवळ एका कारच्या मागची ट्रॉली सुटून त्याच्यासमोर आडवी झाली, तेव्हा त्याचा डोळा लागला होता. ट्रक थांबवला तो आत्याबाईनं. जाग आली तेव्हा ट्रॉली समोर हाताच्या अंतरावर. डेपोत येऊन त्यानं सांगितलं की नुसत्या नजरेवर ट्रक उभा केला, यंत्राला तर पत्ताही नव्हता. लोकांनी त्याला बिअर पाजली.

इम्के ही त्याची एकुलती एक लेक. चष्म्याच्या दुकानात चांगली नोकरी होती, ती सोडून ट्रकवर आली. लहानपणी सुट्टीत बापाशेजारी केबिनमध्ये बसायची, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. गेरोल्डनं आधी सगळ्या गावात तिची चेष्टा केली, मग तिला शिकवलं. शिकवायची रीत एकच. चूक झाली की भर डेपोत चारचौघांसमोर हॉर्न वाजवायचा आणि हसायचं. इम्के हळवी पोर. बापाच्या हसण्यातून सुटायचा एकच मार्ग तिला सापडला होता: तो जे म्हणेल ते तिथल्या तिथे करायचं. हात आधी, विचार मागून. वर्षभरात ती उत्तम चालवायला लागली आणि गेरोल्ड सांगत सुटला की बघा, माझं रक्त.

एप्रिल महिना होता. रस्त्याच्या कडेला शतावरी विकणाऱ्यांच्या टपऱ्या लागल्या होत्या. बाप-लेक पत्र्याची भेंडोळी घेऊन हानोव्हरच्या बाजूला निघाले होते, पुढे गेरोल्ड, मागे इम्के. दोघांमध्ये फोन चालू होता, नेहमीसारखा कानात लावलेला. गेरोल्ड शेजाऱ्याच्या कुंपणावरून झालेलं भांडण रंगवून सांगत होता आणि एका हातानं कच्च्या खिम्याचा पाव खात होता. वरचा कांदा मांडीवर सांडला. तो वेचायला त्यानं मान खाली घातली आणि आत्याबाई किंचाळली. तिथं पूल होता हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या पुलाला ती नेहमीच किंचाळायची.

"पूल आला, गुदगुली," तो मान वर न करता म्हणाला, आणि त्यानं पेडल दाबलं.

मग मान वर केली. पूल होताच. पण पुलाखाली गाड्या उभ्या होत्या, रांगच्या रांग, आणि सगळ्यात मागे एक पांढरी व्हॅन. नियमाप्रमाणे चारही दिवे लुकलुकवत उभी होती, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून. गेरोल्डनं जीव खाऊन चाक उजवीकडे फिरवलं, ट्रक कडेच्या पट्टीवर घातला आणि उभ्या गाड्यांना घासता घासता वाचत पुढे जाऊन थांबला. त्या काही क्षणांत तो फोनवर एक शब्द बोलला नाही. ब्रेक म्हणायला किती वेळ लागतो? पण तोंड उघडलंच नाही.

मागे इम्केच्या ट्रकमध्ये मास्तरांनी फळ्यावर काढलं होतं तेच झालं. बापाची शेपटी बाजूला झाली, आत्याबाईला रस्ता मोकळा वाटला, ती थोडी पळाली. मग तिला व्हॅन दिसली. किंचाळली, ब्रेक मारला, इम्केच्या खांद्यात पट्टा रुतला. इम्केचे डोळे मात्र बापाच्या ट्रककडे लागले होते, हा कुठे चालला म्हणून. आणि कानात त्याचा आवाज अजून ताजा होता. तिचा पाय आपसूक खाली गेला, पार तळापर्यंत, शिकवला होता तसा. आत्याबाईनं ब्रेक सोडला आणि ती गप्प बसली.

व्हॅनमध्ये ओलेन्डॉर्फ नावाचा माणूस होता. लोकांच्या घरच्या पाणी तापवायच्या बंबांची दुरुस्ती करायचा. तो जागच्या जागी गेला. रांगेत पुढे उभ्या असलेल्या ट्रकच्या आणि इम्केच्या ट्रकच्या मध्ये व्हॅनचं जे उरलं होतं त्याकडे बघून आलेले लोक मागे फिरून कठड्याला धरून उभे राहत होते.

इम्केचं मनगट मोडलं होतं. केबिनमध्ये अडकून ती एवढंच विचारत होती, "पूल होता ना? पूल होता ना?" तिथून तिला बाप दिसत होता. तो ट्रकमधून उतरला आणि आधी आपल्या ट्रकभोवती एक फेरी मारून आला. डाव्या बाजूला वाकून त्यानं तळव्यानं पत्रा चाचपला. मग तिच्याकडे धावला.

पोलिसांना त्यानं सांगितलं की त्याला रांग दिसली आणि त्यानं ट्रक बाजूला घेतला. मागे लेकीनं काय केलं ते त्याला कसं दिसणार? फोनवर काय चाललं होतं? हवापाण्याच्या गप्पा.

मेच्या शेवटी इम्केच्या वकिलांनी अपघाताच्या तज्ज्ञाचं म्हणणं घरी आणून वाचून दाखवलं. गेरोल्डची बायको गेझीना टेबलाशी शतावरी सोलत बसली होती, इम्के प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. पुढचा ट्रक बाजूला होताच त्यानं व्हॅन ओळखली, इशारा दिला, ब्रेक लावला. ड्रायव्हरनं काहीही केलं नसतं, अगदी झोपली असती, तरी ट्रक व्हॅनच्या अलीकडे थांबला असता. ड्रायव्हरनं रेस दाबून ब्रेक सोडवला. गेझीनानं सोलणं हातात धरून इम्केकडे पाहिलं आणि विचारलं की का गं दाबलंस. इम्के बापाकडे बघत होती. गेरोल्ड उठून खिडकी लावायला गेला.

वकिलांना इम्केनं नंतर एकटं गाठून खरं ते सांगितलं. ते म्हणाले की हे कोर्टात सांग, फार फरक पडेल. शिकवलेलं होतं आणि त्या क्षणी कानात सांगितलंही गेलं होतं, म्हणजे दोष सगळा तुझ्या एकटीचा राहत नाही. इम्के म्हणाली, "मी सांगितलं तर बापावर ढकलल्यासारखं होईल. त्यानं सांगितलं तर ते खरं होईल." वकिलांनी कपाळावर हात मारला, पण पोरगी ऐकेना.

त्या संध्याकाळी ती गॅरेजमध्ये गेली. गेरोल्ड काहीतरी पुसत होता, पुसण्यासारखं काही नसताना.

"पपा, तू सांगशील ना?"

"काय?"

"तू फोनवर काय म्हणालास ते."

गेरोल्डनं फडकं घडी करून ठेवलं. "सांगेन की. मी काय तुला वाऱ्यावर सोडणार आहे? विचारतील तेव्हा सांगेन."

"मग मला दुसरं काही नको," इम्के म्हणाली आणि त्याच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. कितीतरी वर्षांनी ती अशी जवळ आली होती. गेरोल्डला भरून आलं. त्या क्षणी त्याच्या मनात खोट नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

जूनमध्ये त्याला सोन्याचा बिल्ला मिळायचा होता, जन्मभर बिनअपघाती गाडी चालवल्याबद्दल. गेझीना म्हणाली, "यंदा जाऊ नकोस." त्यानं विचारलं की का, त्याच्या ट्रकला ओरखडा आहे का? नव्हताच. तो कोट घालून गेला, बिल्ला लावून घेतला, टाळ्या घेतल्या. गावच्या पेपरात फोटो आला. त्याच पेपरात एप्रिलमध्ये ओलेन्डॉर्फच्या व्हॅनचा फोटो आला होता. इम्केनं बापाचा फोटो बघितला आणि म्हणाली की कोट छान दिसतोय. तिला वाटत होतं, एवढा मान मिळूनही हा माणूस कोर्टात उभा राहून सगळं पणाला लावणार आहे. तिला त्याचा अभिमान वाटत होता. मला तर हे लिहितानाही त्या पोरीची कीव येते.

खटला नोव्हेंबरात उभा राहिला. गेरोल्डनं आरशासमोर वाक्य घोकलं होतं: मीच तिला शिकवलं आणि त्या वेळी मीच तिला सांगितलं. दाढी करताना म्हणायचा, मोटार काढताना म्हणायचा. पण म्हणताना त्याला पुढचंही दिसायचं. डेपोतली तोंडं, मालकाचं तोंड, बिल्ला परत मागणारं पत्र, आणि कदाचित आरोपीच्या बाकावर तो स्वतः. आणि ती सायकलची दोन चाकं आता कोण कुणाच्या ट्रकला बांधेल, हेही. तरी तो घोकत होता. विचारतील तेव्हा सांगायचं एवढं त्यानं पक्कं केलं होतं.

साक्षीदार म्हणून त्याला बाहेर बसवलं होतं. हाक आली, तो आत गेला. इम्के वकिलांशेजारी बसली होती, अंगात पांढरा शर्ट. दुसऱ्या बाजूला ओलेन्डॉर्फची बायको, हातमोजे मांडीवर ठेवून. मागे डेपोतले ड्रायव्हर आणि गेझीना.

न्यायाधीश बाई होत्या, आवाज मऊ. त्यांनी नाव-गाव विचारलं आणि म्हणाल्या, "श्री. वुल्ब्राण्ट, तुम्ही आरोपीचे वडील आहात. स्वतःच्या मुलीविरुद्ध बोलायची सक्ती कायदा कुणावर करत नाही. तुम्ही गप्प राहू शकता. त्याचा अर्थ आम्ही कुणीही वाईट घेणार नाही. बोलायचंय का?"

हे त्यानं घोकलेलं नव्हतं. त्याला वाटलं होतं प्रश्न येईल आणि उत्तर द्यावं लागेल. इथं असा दरवाजा असेल आणि तो बाईच उघडून धरतील, हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.  त्यानं इम्केकडे पाहिलं. तिला वाटलं बाप घाबरलाय. तिनं त्याला धीर द्यायला हळूच मान हलवली, हो म्हणून.

"मी बोलणार नाही," गेरोल्ड म्हणाला.

बाई म्हणाल्या की त्या समजू शकतात, आणि त्याला मागे बसायची परवानगी दिली. मागच्या बाकावर ड्रायव्हर लोकांनी सरकून त्याला मधे जागा केली. कुणीतरी गुडघ्यावर थोपटलं. इम्केची मान अजून तशीच किंचित पुढे होती, हलवता हलवता थांबल्यासारखी. वकील तिच्या कानाशी लागले होते, पुन्हा पुन्हा काही सांगत होते. ती ऐकत नव्हती.

इथल्या कोर्टात शेवटचा शब्द आरोपीचा असतो. इम्के उभी राहिली तेव्हा गेरोल्डला वाटलं, आता ती सांगणार. त्याच्या डोक्यात लख्ख उमटलं की सांगितलं तरी आपण नाही म्हणू शकतो, तिसरं कुणी ऐकलेलं नाही. हा विचार त्याला इतक्या सहज आला की त्याला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

"ओलेन्डॉर्फ बाई," इम्के म्हणाली, "माफ करा म्हणायचीही माझी लायकी नाही. ट्रक थांबत होता. पाय माझा होता." आणि खाली बसली.

शिक्षा झाली. तुरुंगात जावं लागणार नव्हतं, पण लायसन्स गेलं, ट्रक गेला, आणि तिच्या नावापुढे माणूस मारल्याचा शिक्का बसला. निकाल वाचताना न्यायाधीश बाईंनी हेही म्हटलं की अशा चुकीचं कारण कोर्टाला कळू शकलं नाही, आरोपीनं ते सांगितलं नाही.

बाहेर सगळे कोट घालत होते. ड्रायव्हर एकेक करून येत होते आणि गेरोल्डचा हात हातात घेत होते. बाप असावा तर असा, एकजण म्हणाला, पोटच्या पोरीसाठी मूग गिळून बसला. गेरोल्ड मान हलवत होता. पहिल्या हाताला त्याला लाज वाटली, दुसऱ्याला कमी, आणि चौथ्या-पाचव्या हातापर्यंत त्याला खरंच वाटायला लागलं की आपण तिच्यासाठीच गप्प बसलो.

मग लोक बाजूला झाले आणि ओलेन्डॉर्फची बायको पुढे आली. बुटकीशी बाई, नाक रडून लाल झालेलं. इम्के दोन पावलांवर होती, आईला कोट घालायला मदत करत.

"तुमचा मला राग नाही," ओलेन्डॉर्फ बाई गेरोल्डला म्हणाल्या. "मला लेकरू असतं तर मीही तोंड उघडलं नसतं. आमच्याकडे तेवढंही नाही आता." मग त्यांनी इम्केकडे वळून तिच्या दंडाला हात लावला. "आज वडिलांनी तुझ्यासाठी काय केलंय ते विसरू नको हो."

गेरोल्ड पुढे बघत उभा होता. त्याला अजूनही बोलता आलं असतं, इथं तर कोर्टही नव्हतं.

"आभारी आहे," तो बाईंना म्हणाला.

"नाही विसरणार," इम्के म्हणाली. तिनं आईचं शेवटचं बटण लावलं आणि दोघी जिना उतरून बसच्या थांब्याकडे गेल्या.